बदकांच्या गावची मामी

"आमच्या गांवीं," असं म्हणून मामी उजव्या हाताचा तळवा कपाळाशी आडवा धरायची आणि आमच्या दुकानासमोरच्या भिंतीकडे पाहायची. भिंतीपलीकडे काहीतरी दिसतंय, अशा नजरेनं. "आमच्या गांवीं बदकें रस्ता ओलांडूं लागलीं कीं मोटारी थांबतात. आमच्या गांवीं देवळाचें घड्याळ मागें चालतें. कुणी दुरुस्त करीत नाहीं, कां तर सगळ्यांस तें ठाऊक आहे."

नवा माणूस असला की हमखास विचारायचा, "कुठलं गाव, मामी? पापनासम् का?"

मामीचं गाव इंग्लंडात होतं.

ती जन्मली कुंभकोणम्‌ला, लग्न होऊन आली ती चार गल्ल्या सोडून आमच्याच गल्लीत, आणि विधवाही इथंच झाली. तरी "आमचं गाव" म्हटलं की तिच्या मनात कावेरी नसायची. मुलगा जनावरांचा डॉक्टर. तो इंग्लंडातल्या एका लहानशा शेतकरी गावात नोकरीला लागला आणि नातवंडं सांभाळायला मामी त्याच्याकडे गेली. दहा-बारा वर्षं राहून परत आली. गल्लीनं तिचं नाव लंडन मामी ठेवलं. ते तिला मुळीच आवडत नसे.

"लंडन मी पाहिलेंच नाहीं. विमानतळावरून गाडींत बसलें तें निजलें. उठलें तेव्हां मेंढ्या."

आमचं कॉफी पावडरीचं दुकान आणि मामीचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. माझी आई नाशिककडची, म्हणून मी तुमच्यासारखं मराठी लिहू शकते. मामीची मराठी मात्र अस्सल इथली, तंजावरच्या दरबाराबरोबर आलेली आणि परत न गेलेली. महाराष्ट्रातून देवदर्शनाला आलेले लोक दुकानात तिचं बोलणं ऐकून गालात हसत. मामी शांतपणे विचारायची, "तुमची मराठी मला कळते. माझी तुम्हांस कां कळत नाहीं?"

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती येऊन स्टुलावर बसायची आणि काउंटरवर तिचं गाव मांडायची. बशी म्हणजे तळं. कॉफीचा टंबलर पालथा घातला की चर्च. काडेपेटी उभी केली की लाल टेलिफोनची खोली. "आतां त्यांत फोन नाहीं, पुस्तकें आहेत. न्यावें, वाचावें, आणून ठेवावें. कुणी विचारीत नाहीं." मग कॉफीच्या बियांची ओळ, ते रस्त्याकडेचं झुडपांचं कुंपण. कुंपणापलीकडे गवताची कुरणं, गाई, मेंढ्या, आणि वर्षातले बरेच महिने चिखल.

रस्ता जिथं फुटतो तिथं ती वेलदोडा ठेवायची. तो एक दगड होता, लढाईत गेलेल्या गावच्या मुलांची नावं कोरलेला. "एकाच घरचीं तीन नावें होतीं. मी दुकानांत जातांना रोज वाचीत असें."

"रोज कशाला, मामी?"

"कुणीतरी वाचावीं."

दारूच्या दुकानालाही तिच्या नकाशात जागा होती. तिथं म्हातारे पत्ते खेळतात, पायाशी कुत्री झोपतात, आणि आपणही तिथं बसून लिंबाचं सरबत प्यायलो आहोत, हे तिनं एकदा गल्लीतल्या चार बायकांसमोर सांगितलं. समोरच्या घरातल्या बाईंनी त्या दिवशी माझ्याकडून पावडर न घेताच घर गाठलं. एवढी बातमी पोटात घेऊन उभं राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

मला स्वतःला आवडायची ती सुगीची गोष्ट. तिथं पीक घरात आलं की लोक चर्चमध्ये आपल्या मळ्यातलं काहीबाही नेऊन ठेवतात. भोपळे, सफरचंदं, पाव. पहिल्या वर्षी मामीनं हे पाहिलं आणि तिला वाटलं, हा तर आपला पोंगलचा सण. दुसऱ्या वर्षी ती गूळ-तांदळाचा पोंगल शिजवून, पितळेचं पातेलं फडक्यात धरून चर्चमध्ये गेली आणि भोपळ्यांच्या शेजारी ठेवून आली. सगळे त्या पातेल्याकडे पाहत राहिले. तिथली पाद्रीण, बाईमाणूस, पुढं आली, तिनं चमचा मागितला आणि उभ्या उभ्या पोंगल खाल्ला. "मग रांग लागली," मामी सांगायची. "पातेलें घांसावें लागलें नाहीं."

या नकाशात एक बी मात्र वेगळी असायची. तळ्याच्या काठाला, बशीला टेकून ठेवलेली.

"हे काय?"

"बाक."

"बाकावर काय?"

"बाकावर काय असतें? बसतात." आणि हाताच्या एका फटकाऱ्यात सगळं गाव माझ्या डब्यात जायचं. दर वेळी. बदकं, चर्च, मेलेले सैनिक, सगळ्यांवर ती तास तास बोलायची आणि बाकापाशी आली की दुपार संपायची. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही चैन पडलं नसतं.

आणखी एक माणूस त्या गोष्टींत येऊन-जाऊन असायचा. मामी त्याला पाल्कारर म्हणायची. पाल्कारर म्हणजे तमिळमध्ये दूधवाला. पहिले काही महिने मी समजत होते की ती आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्याविषयी बोलतेय. हा पाल्कारर म्हणजे तिच्या घरामागच्या कुरणाचा मालक, गाई पाळणारा इंग्रज शेतकरी. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. त्याचं एक वासरू मामीच्या कोथिंबिरीत शिरलं. माफी मागायला तो दुधाचा कॅन घेऊन आला. दूध इतकं दाट, की मामीला राहवलं नाही, तिनं फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन टाकून कॉफी केली आणि त्याला दिली. दुसऱ्या दिवशी दूध काढून झाल्यावर तो परत आला. मग रोजच. बुटांना चिखल असायचा म्हणून आत यायचा नाही. ती वर्षानुवर्षं सकाळची कॉफी त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून घेतली.

"काय बोलायचात?"

"पाऊस."

"इतकी वर्षं नुसता पाऊस?"

"तिथें पुरतो," मामी म्हणाली.

पुढं मुलाला दुसऱ्या देशात, मोठ्या शहरात नोकरी मिळाली. चल म्हणाला. मामीनं नको म्हटलं. "दोन गांवें झालीं. तिसरें नको मला." आणि ती कुंभकोणम्‌ला आली, कुलूप काढलं, झाडलोट केली आणि पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊन "आमच्या गांवीं" सुरू केलं.

दोन वर्षं अशीच गेली. मग तै महिन्यात, जानेवारीच्या अखेरीस, पोंगल होऊन गेल्यावर, एका सकाळी आमच्या दुकानापुढं रिक्षा थांबली. उंच, वाकलेला, लाल मानेचा एक म्हातारा गोरा उतरला. हातात टोपी. त्यानं एक नाव घेतलं. ते मोडकंतोडकं होतं, शिवाय मामीला नावानं हाक मारणारं गल्लीत कुणीच उरलं नव्हतं, त्यामुळे तो कुणाविषयी विचारतोय हे माझ्या लक्षात येईना. त्यानं थोडा विचार केला. मग इंग्रजीत, सावकाश, म्हणाला, "चर्चमध्ये गोड भात घेऊन येणारी बाई."

मी त्याला शेजारी नेलं. मामी तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडच्या घरांपुढच्या ओट्यावर, केळीचा गाभा चिरत बसली होती. तिनं मान वर केली. विळी बाजूला सारली. मग त्याच्या पायांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "बूट काढा."

त्यानं खाली बसून नाड्या सोडल्या, बूट शेजारी शेजारी नीट लावले आणि उंबरा ओलांडून आत गेला. मी दुकानात परत आले. गिरणीत बिया घातल्या आणि बटण दाबायचं विसरले.

पाल्काररनं गाई विकल्या होत्या. गाई असताना दूध काढायला रोज दोन्ही वेळा हजर राहावं लागतं, त्यामुळे जन्मात तो समुद्र ओलांडून गेला नव्हता. आता रिकामा झाला तर म्हणाला, ही बाई कुठून आली होती ते पाहून यावं. बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरला. रोज सकाळी मामीकडे कॉफीला यायचा. आता बूट दाराबाहेर आणि माणूस आत. समोरच्या बाई रोज काही ना काही उसनं मागायला मामीकडे जायच्या. हिंग, सुई, पंचांग.

मामीनं त्याला आपला मुलूख दाखवायचं ठरवलं आणि मला म्हणाली, "तूंही ये गे. दोघेंच गेलों तर समोरचीस दुसरें काम राहणार नाहीं."

स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्तींच्या ओतकामाच्या शेडमध्ये तो मेणाच्या मूर्तीपाशी बसून राहिला. देवळाच्या पायऱ्या चढायला गुडघे तयार नव्हते. तिरुवलंचुळीला पांढऱ्या विनायकाचं दर्शन आम्ही घेतलं, तो बाहेर फुलवालीच्या बाकड्यावर बसला. परत निघालो तर देवळापलीकडच्या शेतात भातकापणीचं यंत्र चालू. त्यानं रिक्षा थांबवायला सांगितली.

बांधावरून तो थेट शेतात गेला. एक लोंबी तोडली, तळव्यात चोळली, फुंकर घातली, दाणा दातांखाली चावून पाहिला. शेताचा मालक धोतर वर खोचून धावत आला. आता भांडण होणार असं मला वाटलं. मालकानं दुसऱ्या वाफ्यातली लोंबी आणून दिली. त्यानं तीही चावली. दोघांनी माना हलवल्या. एकाला तमिळशिवाय काही येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजीशिवाय. मग मालक त्याला गाय दाखवायला घेऊन गेला आणि ते दोघं गोठ्याआड दिसेनासे झाले.

मामी आणि मी कडुनिंबाखाली रिक्षापाशी थांबलो.

"तिथेंही असाच," ती म्हणाली. "कुणाच्याही शेतांत शिरतो." असं म्हणताना ती जी हसली, तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं रिक्षावाल्याला विनाकारण टायरमध्ये हवा आहे का ते विचारलं.

दोन दिवसांनी सकाळी मामी देवळात गेली होती. तो माझ्या दुकानात स्टुलावर वाट पाहत बसला. मी त्याला कॉफी दिली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. त्यानं बराच वेळ ऐकलं आणि मग विचारलं, "एक विचारू का? तुमच्या गावातले लोक इतकी माफी का मागतात?"

"माफी?"

"रिक्षावाला, लॉजवाला, भाजीवाली. आता हे गृहस्थ येऊन गेले ते. सगळे दिवसभर सॉरी म्हणतात."

मला हसू आवरेना. मी सांगितलं, "सॉरी नाही ते. सरी. तमिळ शब्द आहे. बरं, ठीक आहे, चालेल, असा अर्थ."

त्यानं टंबलर खाली ठेवला. "म्हणजे, कुणी काही विचारलं आणि समोरच्यानं असं म्हटलं, तर?"

"तर हो."

"हो?"

"हो म्हणजे हो."

तो रस्त्याकडे पाहत राहिला. टोपी घातली, काढली, उठला आणि मामीच्या तिण्णैवर जाऊन बसला. उरलेली कॉफी तशीच राहिली.

मामी नारळ-फुलांची परडी घेऊन आली. तो उभा राहिला. खोटं कशाला सांगू, मी गिरणी बंद केली. तो म्हणाला, "त्या दिवशी तळ्यावर, बाकावर, तू मला काय म्हणालीस?"

मामीनं परडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "तुम्ही विचारलं. मी उत्तर दिलं."

"मला सॉरी ऐकू आलं."

मामी परडीसकट पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून बाहेर आले, तर ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि मला मराठीत म्हणाली, "अगे, ह्या माणसास आतां काय सांगूं? दोन वर्षें." तो बिचारा टोपी हातात धरून उभा होता. आपल्याला हसताहेत की रडताहेत, हे त्याला कळत नव्हतं.

बाकाची गोष्ट मला त्या दुपारी समजली. मामी परत यायच्या आधी काही आठवडे त्यानं तिला तळ्यावर बोलावलं होतं. बदकांकडे पाहत, तिच्याकडे न पाहता, त्यानं विचारलं, की तू इथंच राहशील का, माझ्याशी लग्न करून. इतकी वर्षं फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मामीच्या तोंडात त्या क्षणी एकही इंग्रजी शब्द उरला नाही. आला तो फक्त आमच्या गल्लीतला तमिळ शब्द. "सरी." त्यानं टोपीला हात लावला, उठला आणि दूध काढायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी कॉफीला आला तेव्हा पुन्हा पाऊसच बोलला. मामीला वाटलं, विचारून पस्तावला. त्याला वाटलं, बाई नाही म्हणाली, आता पुन्हा विचारणं सभ्यपणाचं नाही. दोघंही इतकी शहाणी, की कुणीच दुसऱ्याला काही विचारलं नाही, आणि एक दिवस मामी सामान बांधून निघाली.

"मग आज पुन्हा विचारलं त्यांनी?"

"विचारलें."

"आणि?"

"ह्या खेपेस इंग्रजींत सांगितलें."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मामीनं मुलाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अम्मा, तुझी तब्येत बरी आहे ना?" तंजावरहून मामीचे मोठे भाऊ बसनं आले. तिण्णैवर बसले, आत आले नाहीत. पाणीही घेतलं नाही.

"ह्या वयांत?" ते म्हणाले.

"ह्याच वयांत, अण्णा. आधीं कुठें वेळ होता?"

"लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?"

"मी विधवा झालें तेव्हां लोक काय म्हणाले, तुला आठवतें? मला आठवत नाहीं. फार दिवस कुणी म्हणत नाहीं."

अण्णा उठले. मामीनं त्यांच्यासाठी केलेली कॉफी दाराच्या आत तशीच होती. ते बसकडे चालत गेले आणि मामी कोपऱ्यापर्यंत पाहत राहिली. ती कॉफी तिनं संध्याकाळपर्यंत फेकली नाही.

त्यानंतर ती बदलली. पाल्काररची परत जायची वेळ आली. तो कसलीही घाई न करता, "तुला जमेल तेव्हा," एवढंच म्हणून गेला. मामी दुकानात यायची, पण काउंटरवर काही मांडायची नाही. एकदा म्हणाली, "मी नाहीं जात. आईबापांमागें अण्णानें मला वाढविलें. त्यास दुखवून तिथें सुखानें कशी राहूं?" मला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि दोन्ही बाजू दिसणारा माणूस सल्ला द्यायच्या कामाचा नसतो.

उन्हाळा चढायला लागला तेव्हा एका दुपारी अण्णांचा फोन आला. मामी माझ्याच दुकानात होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण मामी म्हणाली, "हो, थंडींत गुडघे दुखतात तिथें." थोडं थांबून म्हणाली, "बरें." आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी तंजावरहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं पिशवी आणून दिली. आत गुडघ्यांना लावायच्या तेलाच्या बाटल्या होत्या. विमानात तेल सांडू नये म्हणून प्रत्येक बाटलीचं तोंड मेणानं बंद करून वर फडकं बांधलेलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मामीनं एकेक बाटली काढून पाहिली, परत नीट ठेवली आणि पिशवी छातीशी धरून घरी गेली. त्या आठवड्यात तिनं व्हिसाची चौकशी सुरू केली.

अण्णा निरोपाला आले नाहीत. समोरच्या बाई मात्र स्टेशनपर्यंत आल्या आणि गाडी हलताना सगळ्यात जास्त त्याच रडल्या.

तिकडे त्यांचं लग्न गावच्या सभागृहात झालं. आता दोघं त्याच्या घरी राहतात, पण चुली दोन. त्याला मांसाशिवाय जेवण जात नाही आणि मामीला त्याचा वास सोसत नाही. म्हणून जिथं पूर्वी गाईंचं दूध काढायचे, तिथं त्यानं आपलं स्वयंपाकघर केलं, आणि घरातलं मामीला दिलं. मध्ये फरसबंद अंगण. दोन्ही खिडक्या समोरासमोर.

परवा संध्याकाळी तिचा व्हिडिओ फोन आला. तिथं दुपार होती. फोन भांड्याला टेकवून ठेवला होता आणि ती रसम् उकळता उकळता बोलत होती. गुडघे, भेंडी मिळत नाही, अण्णांची तब्येत. अण्णा आता महिन्यातून एकदा तिच्याशी बोलतात, त्याच्याविषयी एक शब्द न काढता. बोलता बोलता तिनं मागच्या खिडकीकडे वळून पाहिलं. पलीकडच्या खिडकीत तो उभा होता, हातात झारा. त्यानं झारा जरा वर केला.

"थांब गे," ती मला म्हणाली.

तिनं एका स्टीलच्या भांड्यात रसम् ओतलं, वर ताटली ठेवली, स्वेटरवरून पदर डोक्यावर घेतला आणि दार उघडून बाहेर गेली. मला ती खिडकीतून दिसत होती. पाऊस बारीक पडत होता. भांडं दोन्ही हातांत धरून, निसरड्या फरशीवर पाय जपून टाकत ती अंगण ओलांडत होती. पलीकडचं दार आधीच उघडलेलं होतं. ती आत गेली.

फोन चालूच राहिला. शेगडीवरच्या पातेल्यातून वाफ येत होती, खुंटीला तिची पिशवी टांगलेली होती, आणि स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला जरा थांबायला सांगितलं आणि पाहत राहिले.